पाच यार्डांच्या पासची उधारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दोन हंगाम झाले, रात्री जागून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघतोय. माझा संघ सत्तर टक्के पास पूर्ण करतो, पास टाकणारा क्वार्टरबॅक फारसा आडवाही होत नाही, तरी गुणफलक काही हलत नाही. समालोचक या छोट्या पासच्या आक्रमणाचं एका रविवारी कौतुक करतात आणि पुढच्या रविवारी नाक मुरडतात. हे आक्रमण खरंच चांगलं, की दुबळ्या हाताच्या क्वार्टरबॅकची नुसती सोय?’

सोयच आहे. त्याचा जन्मच सोय म्हणून झाला. पण ही सोय नेमकी कुणाच्या जिवावर चालते, हे कळलं की तुमच्या संघाचं दुखणंही कळेल.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी न्यू जर्सीत एका शाळेच्या संघाच्या क्वार्टरबॅकना शिकवतो. पंधरा वर्षं झाली. व्यावसायिक संघात मी कधी काम केलेलं नाही. मात्र बावीसही खेळाडू एकदम दिसतात असं वरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मी हंगामभर बघतो, आणि तिथे दिसलेलं शुक्रवारी रात्री पोरांकडून करून घेण्याच्या खटाटोपात पुष्कळ वेळा तोंडावर आपटलेलो आहे.

१९६९ साली सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवखा क्वार्टरबॅक आला. हात असा की पूर्ण झालेला त्याचा प्रत्येक पास सरासरी साडेसतरा यार्डांचा. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा फाटला, आणि त्या काळच्या वैद्यकाला तो नीट बसवता आला नाही. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, पाय चपळ, नेम पक्का. पण चेंडू लांब जायचा नाही. मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली तेव्हा बिल वॉल्श पासचं आक्रमण सांभाळत होते. त्यांनी कार्टरला जे जमत नव्हतं ते टाकून दिलं आणि जे जमत होतं त्याच्याभोवती सगळा डाव रचला. मैदान लांबीने १०० यार्ड. तेवढं नाही ना पार करता येत, मग ते रुंदीने वापरू. रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त. ती पूर्ण राखायला अकरा माणसं कमीच पडतात. त्या वर्षी बेंगल्सनी आपला गट जिंकला, आणि १९७१ मध्ये अचूकतेच्या टक्केवारीत कार्टर ६२.२ टक्क्यांसह सगळ्या लीगमध्ये पहिला आला.

पुढे वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १९७९ मध्ये तिथे २ विजय आणि १४ पराभव. १९८१ मध्ये १३ विजय आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही खिशात. त्या विजेत्या संघात पळत्या डावांतून (डाव म्हणजे चेंडू एकदा खेळात आला की थांबेपर्यंतचा खेळ) सर्वाधिक यार्ड काढणाऱ्या खेळाडूच्या नावावर हंगामभरात जेमतेम ५४३ यार्ड होते. बाकीच्या संघांत जे काम पळणारा करी, म्हणजे तीन-चार यार्ड खात खात घड्याळ आणि चेंडू आपल्या ताब्यात ठेवणं, ते काम या संघात क्वार्टरबॅक जो मोंटानाचे छोटे पास करत होते. पास म्हणजे जुगार आणि पळणं म्हणजे पगार, ही जुनी समजूत वॉल्श यांनी मोडली. १९८५ मध्ये त्यांच्याच रॉजर क्रेगने, पळणाऱ्याच्या जागेवर खेळून, एका हंगामात १००० यार्ड पळून आणि १००० यार्ड पास झेलून काढले. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

आता यंत्र कसं चालतं ते. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे जातो आणि तिसरं पाऊल टेकताच चेंडू सोडतो. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यापासून, साधारण दोन सेकंद. समोरचा दीडशे किलोचा गडी कितीही चांगला असला तरी दोन सेकंदांत त्याला पोचणं अवघड जातं. म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, लाइन, दुबळी असली तरी झाकली जाते. चेंडू सोडताना पास झेलणाऱ्या रिसीव्हरने अनेकदा वळूनही पाहिलेलं नसतं. चेंडू माणसाकडे जात नाही, ठरलेल्या जागेकडे जातो आणि माणसाने तिथे वेळेवर हजर व्हायचं असतं. झेल घेतला की पुढची धाव त्याची. पाच यार्डांचा पास बारा यार्डांचा होतो तो या धावेमुळे. तुमच्या संघात ही धाव दिसत नसेल, तर सत्तर टक्क्यांना फारसा अर्थ नाही.

आणखी एक फायदा पैशाचा. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगाराला कमाल मर्यादा असते. वाऱ्यासारखा पळणारा, पन्नास यार्डांवर चेंडू उचलणारा रिसीव्हर महाग पडतो. छोट्या पासला लागतो तो अरुंद जागेत गिरकी घेणारा, मार खाऊनही चेंडू न सोडणारा माणूस, आणि तो स्वस्तात मिळू शकतो. न्यू इंग्लंडचा वेस वेल्कर कुठल्याही संघाने कॉलेजच्या खेळाडूंच्या निवड-फेरीत घेतला नव्हता. त्याने सहा हंगामांत ६७२ झेल घेतले. त्याच्यानंतरचा ज्युलियन एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता आणि सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर मिळाला.

मग अडतं कुठे? पाच यार्डांच्या पासला लागणारी मोकळी जागा तो पास स्वतः तयार करत नाही. ती दुसऱ्या कशाच्या तरी भीतीने तयार झालेली असते.

क्रिकेटमधून बघा. मिडविकेटला ढकलून एकेरी धाव मिळते, कारण तिथला क्षेत्ररक्षक सीमारेषेवर उभा आहे. तो तिथे का उभा आहे? फलंदाज डोक्यावरून मारील म्हणून. हा फलंदाज डोक्यावरून मारूच शकत नाही असं कप्तानाला एकदा कळलं, की सगळे पुढे येतात आणि मग एकेरी धावही मिळत नाही. फुटबॉलमध्ये हा सीमारेषेवरचा माणूस म्हणजे सेफ्टी, सगळ्यांच्या मागे उभा असलेला राखणदार. तो पंधरा यार्डांवर असेल तर छोटा पास चालतो. तो आठ यार्डांवर आला की तोच पास जीव खातो. म्हणजे छोटा पास हा लांब पासच्या उधारीवर जगतो. उधारी अधूनमधून फेडावी लागते. नाही फेडली तर वाणी दार लावून घेतो.

हे सांगायला मी नेहमी दोन सामने दाखवतो. समोर बचाव एकच, सिॲटलचा, आणि मध्ये बरोबर एक वर्ष.

पहिला २०१४ च्या फेब्रुवारीतला सुपर बोल. डेन्व्हरने त्या हंगामात ६०६ गुण केले होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या खात्यावर ५५ टचडाऊन पास, म्हणजे थेट गोलरेषेपार चेंडू पोचवणारे. पहिल्याच डावात मॅनिंग सूचना देत पुढे येत होता आणि चेंडू त्याच्या बाजूने मागे, आपल्याच गोलरेषेपलीकडे निघून गेला. १२ सेकंदांत सिॲटलला २ गुण. पण तो अपघात बाजूला ठेवा. नंतरचं बघा: मॅनिंगने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले, तोवरच्या सुपर बोलमधला विक्रम. डिमेरियस थॉमसने १३ झेल घेतले, तोही विक्रम. आणि निकाल? सिॲटल ४३, डेन्व्हर ८.

विक्रमी पास आणि आठ गुण! हा सामना मी पोरांना दाखवतो तेव्हा दर वर्षी कुणीतरी विचारतं, ‘कोच, आकडे चुकलेत का?’ नाहीत चुकलेले. सिॲटलने जाणूनबुजून छोटे पास दिले. बचाव साधा होता: तीन माणसं मागे खोल, चार मध्ये, आणि क्वार्टरबॅकवर फक्त चार. मॅनिंग आडवे पास टाकत राहिला, झेल होत राहिले, आणि झेलाच्या पुढच्या पावलाला कॅम चॅन्सलरसारखा कुणीतरी येऊन रिसीव्हरला तिथेच गाडत राहिला. थॉमसचे १३ झेल, यार्ड ११८. झेलामागे नऊ. त्यातला एक चेंडू झेलानंतर त्याच्या हातातून ठोसा मारून उडवलासुद्धा. आणि मॅनिंग ज्या डावाला दोनऐवजी तीन सेकंद थांबला, तिथे घात झाला: क्लिफ एव्हरिलने त्याच्या हातावर तडाखा दिला, चेंडू हवेत लटकला, माल्कम स्मिथने तो पकडून ६९ यार्ड पळवला आणि थेट टचडाऊन केला.

एव्हरिलचं नाव लक्षात ठेवा.

दुसरा सामना २०१५ च्या फेब्रुवारीत. तोच सिॲटल, तीच रचना, समोर न्यू इंग्लंड. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने ५० पैकी ३७ पास पूर्ण केले, म्हणजे मॅनिंगचा विक्रम वर्षातच मोडला. पळत्या डावांतून त्यांना जेमतेम ५७ यार्ड मिळाले. शेन व्हेरीन, पळणाऱ्याच्या जागेवरचा खेळाडू, त्याने ११ झेल घेतले आणि यार्ड ६४. कागदावर बघाल तर डेन्व्हरचीच नक्कल. पण चौथ्या सत्राच्या सुरुवातीला २४-१४ असा मागे असलेला न्यू इंग्लंड २८-२४ ने जिंकला.

फरक काय पडला? तीन गोष्टी, आणि त्यातल्या दोन ब्रेडीच्या हातात नव्हत्या. पहिल्या सत्रात सिॲटलच्या जेरेमी लेनने ब्रेडीचा पास पळवला, आणि तोच चेंडू घेऊन पळताना त्याचा हात मोडला. त्याच्या जागी आलेल्या थॅरोल्ड सायमनला एडलमन उरलेला सामनाभर शोधत राहिला. तिसऱ्या सत्रात एव्हरिलच्या डोक्याला मार लागला आणि तो बाहेर गेला. चार माणसांत क्वार्टरबॅकपर्यंत पोचणारं सिॲटलचं यंत्र तिथे ढिलं पडलं. चौथ्या सत्रात ब्रेडीचे १५ पैकी १३ पास पूर्ण झाले ते या मोकळ्या श्वासावर.

तिसरी गोष्ट मात्र न्यू इंग्लंडची स्वतःची. रॉब ग्रोन्कोव्स्कीला पहिल्या अर्धात एका लाइनबॅकरसमोर (बचावाच्या मधल्या फळीतला माणूस) एकटं गाठून त्यांनी २२ यार्डांचा टचडाऊन पास टाकला होता. ही फेडलेली उधारी. शेवटच्या भागात तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड काढायला चार संधी मिळतात, एक संधी म्हणजे एक डाऊन) १४ यार्ड हवे असताना ब्रेडीने एडलमनला मधोमध २१ यार्डांचा पास दिला, आणि एडलमनने चॅन्सलरचा तडाखा खाऊन तो धरून ठेवला. त्या चढाईची, म्हणजे चेंडू हातचा जाईपर्यंतच्या सलग डावांची, बाकीची कमाई छोट्या पासची असेल, पण तो एक चेंडू नसता तर पंट करायची, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकायची, वेळ होती. विजयाचा टचडाऊन तीन यार्डांचा: एडलमनने सायमनला आत वळल्यासारखं दाखवलं आणि पाय रोवून बाहेर पळाला. हा तर सगळ्यात छोटा पास. पण सायमन आतल्या बाजूला इतका झुकला, कारण सामनाभर आतलेच पास येत होते.

थोडा हिशेबही मांडू. समजा चढाई ७५ यार्डांची आहे आणि तुम्ही डावाला सहा यार्ड काढता. म्हणजे बारा-तेरा डाव. प्रत्येक डावात काहीतरी बिघडून चढाई मोडण्याची शक्यता आठ टक्के धरा: सुटलेला झेल, लाइनमनने धरल्याचा १० यार्डांचा दंड, हाताला लागून उडालेला चेंडू. हा आकडा मी नुसता हिशेबासाठी घेतलाय. बारा डाव निर्विघ्न पार पडण्याची शक्यता येते सुमारे ३७ टक्के. मधे दोन मोठे पास लागून चढाई सहा डावांत संपली, तर ६१ टक्के. छोट्या पासवर चालणारा संघ रोज बारा पायऱ्यांचा जिना चढतो. एक पायरी चुकली की परत तळाला.

टक्केवारी फसवते ती इथेच. २०१६ मध्ये मिनेसोटाच्या सॅम ब्रॅडफर्डने ७१.६ टक्के पास पूर्ण केले, तोवरचा विक्रम. संघ पहिले पाच सामने जिंकून शेवटी ८ विजय, ८ पराभवांवर थांबला. त्याआधी २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या एकाही वाइड रिसीव्हरला हंगामभरात टचडाऊन पास झेलता आला नाही. सोळा सामने आणि एकही नाही! त्यांचा ॲलेक्स स्मिथ वाईट क्वार्टरबॅक मुळीच नव्हता. तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना पाच यार्डांवर पूर्ण झालेला पास टक्केवारी वाढवतो आणि पुढच्या डावाला पंट करणाऱ्याला मैदानात बोलावतो, एवढंच. तुमच्या संघाचं असंच होतंय असा मला दाट संशय आहे.

गोलरेषेजवळची गंमत वेगळीच. तिथे छोटा पास सोपा व्हायला हवा असं वाटतं. होतो उलटा. शेवटच्या दहा यार्डांत सेफ्टीला मागची भीतीच उरत नाही. मैदानाची मागची रेषाच बाराव्या बचावपटूचं काम करते. सगळे पुढे, सगळ्या फटी बंद. म्हणून हे संघ २५ यार्डांपर्यंत दिमाखात येतात आणि तीन गुणांची लाथ मारून परततात. १९८२ च्या जानेवारीत डॅलसविरुद्ध मोंटाना आणि ड्वाइट क्लार्क यांचा तो प्रसिद्ध झेल झाला, तोसुद्धा असाच. तिसरा डाऊन, सहा यार्डांची रेषा. डाव लिहिलेला होता फ्रेडी सॉलोमनला झटपट छोटा पास देण्याचा. तो घसरला, मार्ग बंद झाला, मोंटाना उजवीकडे पळत राहिला आणि मागच्या रेषेवर उडी मारलेल्या क्लार्कच्या बोटांपर्यंत चेंडू उंच गेला. छोट्या पासच्या आक्रमणाचं सगळ्यात गाजलेलं चित्र छोटा पास फसल्यावरचं आहे. वॉल्श यांनी तो दुसरा पर्यायही डावात लिहून ठेवला होता, हे मात्र त्यांचं.

बचाव करणारे काही गप्प बसलेले नाहीत. त्यांचे उपाय तीन-चारच, पण जुने आणि मुरलेले.

१९७८ पासून नियम असा की डाव जिथून सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देता येत नाही. या नियमाने पासचा खेळ बहरला असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण पाच यार्डांच्या आत, चेंडू हवेत जाईपर्यंत, धक्का देता येतो. आणि छोट्या पासचा बहुतेक सगळा संसार त्याच पाच यार्डांत असतो. कॉर्नरबॅकने, म्हणजे रिसीव्हरसमोरच्या बचावपटूने, त्याला छातीवर हात ठेवून अर्धा सेकंद अडवलं, की चेंडू वेळेवर पोचतो आणि माणूस पोचत नाही. यावर तोड म्हणून रिसीव्हरला स्नॅपआधी धावतं ठेवायचं. मायामीने २०२३ मध्ये आपला रिसीव्हर टायरिक हिल याला असंच पळतं सोडून भल्याभल्यांना रडवलं. एका सामन्यात डेन्व्हरवर ७० गुण चढवले. जानेवारीत तोच संघ कॅन्सस सिटीत उणे २० अंश तापमानात खेळला आणि ७ गुणांवर अडकला. ते ७ गुण कुठून आले? हिलला लागलेल्या ५३ यार्डांच्या लांब पासमधून.

दुसरा उपाय हात वर करण्याचा. दोन सेकंदांत पोचता येत नसेल तर पोचायला जाऊच नका, जागेवर उभे राहा आणि चेंडू अडवा. ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटने २०१२ मध्ये क्वार्टरबॅकला साडेवीस वेळा पाडलं (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धं श्रेय) आणि शिवाय १६ पास हाताने अडवले. छोटा पास सपाट जातो, लाइनमनच्या डोक्याजवळून. उंच टाकला तर वेळ चुकते.

तिसरा उपाय जास्त कावेबाज. ब्लिट्झ आला, म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज आणखी कुणी अंगावर धावला, की क्वार्टरबॅक ज्या जागेवरून माणूस आला तिथेच झटपट पास टाकतो, हे छोट्या पासचं ठरलेलं उत्तर. १९८० च्या दशकात सिनसिनाटीत बचावाचे प्रशिक्षक डिक लबो यांनी त्या उत्तरावरच सापळा लावला: लाइनबॅकर पुढे पाठवायचा आणि समोरच्या दांडग्या लाइनमनला गुपचूप त्याच रिकाम्या जागेत मागे न्यायचं. क्वार्टरबॅक न बघता चेंडू टाकतो आणि तिथे सव्वाशे किलोचा माणूस उभा. ज्या गावात या आक्रमणाचा जन्म झाला त्याच गावात त्याचं विषही तयार झालं, याची मला अजून मौज वाटते.

पण सगळ्यात जालीम उपाय साधा आहे आणि महागही: चार माणसांत क्वार्टरबॅक गाठायचा आणि उरलेल्या सातांना मागे जागा राखू द्यायची. २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांनी सामनाभरात एकदाही ब्लिट्झ पाठवला नाही. तरी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सहा वेळा आडवा झाला, आणि मध्यंतराला गुणफलक होता २४-०. माहोम्सकडे छोटे पास नव्हते का? होते. पण सात जणांनी फटी बुजवल्या होत्या, दोन सेकंदांत कुणी मोकळा दिसत नव्हता, आणि तिसरा सेकंद चौघे मिळू देत नव्हते. २०१४ च्या सिॲटलचीच ही सुधारून काढलेली आवृत्ती.

आता पिट्सबर्ग, कारण तुमच्या संघाची सगळ्यात जवळची गोष्ट तीच असावी. २०१९ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो परतला तो झटपट चेंडू सोडणारा क्वार्टरबॅक होऊन. हंगामभरात ६०८ पास आणि सॅक, म्हणजे चेंडू हातात असताना आडवं होणं, फक्त १३. कधी काळी चार बचावपटू अंगावर घेऊन फिरणारा हा गडी, त्याला कुणी हातही लावेना. संघ ११-० असा सुरू झाला. मी त्या नोव्हेंबरात मित्रांशी पैज लावून बसलो होतो, आणि हरलो.

कारण आकड्यांत आधीच होतं. पळत्या डावांत हा संघ लीगमध्ये शेवटचा, ३२ वा. प्रत्येक पासमागे यार्ड ६.३. म्हणजे पळण्याची भीती नाही आणि लांब पासचीही फारशी उरलेली नाही. डिसेंबरात बचाव पुढे सरकले, आणि हंगामाच्या उरलेल्या पाचपैकी चार सामने गेले. जानेवारीत क्लीव्हलँडविरुद्ध पहिलाच स्नॅप रॉथलिसबर्गरच्या डोक्यावरून गेला, तिथून संघ सामनाभर मागेच. त्या रात्री त्याने ६८ पैकी ४७ पास पूर्ण केले, ५०१ यार्ड काढले, चार पास शत्रूच्या हाती दिले, आणि संघ ४८-३७ असा हरला. सत्तेचाळीस पूर्ण पास! लीगच्या इतिहासात एका सामन्यात इतके कुणीच केले नव्हते.

तेव्हा क्वार्टरबॅकला आणि लाइनला सांभाळायला छोटा पास उत्तम, पळणं जमत नसेल तर त्याची जागा काही काळ तो भरतो, आणि बचावाला दमवतो तर फारच छान. २०१७ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडने २८-३ अशा पिछाडीवरून अटलांटाला गाठलं, त्यात ९३ डाव खेळले आणि जेम्स व्हाइटने १४ झेल घेतले. अटलांटाचे बचावपटू शेवटी कमरेवर हात ठेवून उभे होते, ते मला अजून दिसतं. पण एकट्या छोट्या पासवर हंगाम काढायला निघालेल्या संघाचा डिसेंबर मला आताशा सप्टेंबरातच दिसतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका हंगामात माझा क्वार्टरबॅक हाताने कमकुवत होता, म्हणून मी वॉल्श व्हायचं ठरवलं. पाच सामने मजा आली. सहाव्यात समोरच्या प्रशिक्षकाने दोन्ही सेफ्टी आठ यार्डांवर आणून उभे केले. तीन पास पळवले गेले, किती हाताला लागून पडले ते मोजलंच नाही. परतताना बसमध्ये पोरगा शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, ‘कोच, मागे कुणीच नव्हतं.’ त्याला दिसत होतं. मी त्याला तिकडे टाकायला एकही डाव दिलेला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक सामन्यात चार लांब पास सक्तीचे केले. पहिल्या सामन्यात चारांपैकी एकही झेलला गेला नाही, एक तर थेट मैदानाबाहेरच्या बाकावर पडला. तरी उत्तरार्धात सेफ्टी बारा यार्डांवर गेले होते.

म्हणून पुढच्या रविवारी टक्केवारी बघू नका. टीव्हीच्या नेहमीच्या चौकटीत सेफ्टी दिसत नाही, पण गोलरेषेमागच्या कॅमेऱ्यातून पुन्हा दाखवतात तेव्हा दिसतो. स्नॅपच्या क्षणी तो किती यार्डांवर आहे आणि त्याची पहिली दोन पावलं पुढे पडतात की मागे, एवढं टिपा. त्याच्याशेजारी प्रत्येक झेलानंतर रिसीव्हर किती यार्ड पळाला ते लिहा, आणि तिसऱ्या डाऊनला हवे होते किती, पास टाकला किती. पहिल्या सत्रातले दहा-बारा डाव आणि चौथ्या सत्रातले दहा-बारा पुरेत. यादी इथे टाकलीत, तर तुमच्या क्वार्टरबॅकचा हात दुबळा आहे की तुमच्या प्रशिक्षकाची छाती, हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.